संदर्भ : भविष्य निर्वाह निधीची खात्रीशीर माहिती आणि पीण्याचा अनुभव

बंगळुरू : शहराच्या वायव्येस, तुमकुरू रस्त्याला लागून पसरलेले पीण्या औद्योगिक क्षेत्र आशियातील मोठ्या लघुउद्योग वसाहतींमध्ये गणले जाते. १९७० च्या दशकात आकाराला आलेल्या या वसाहतीत यंत्रांचे सुटे भाग, साचे, प्लेटिंग, औषधे आणि तयार कपडे यांचे कारखाने आहेत. १ मार्च २०१४ रोजी ‘नम्म मेट्रो’ची गाडी येथवर आली आणि वसाहत शहराशी अधिक जवळून जोडली गेली. येथे यंत्रावर किंवा शिलाईच्या रांगेत उभ्या असलेल्या अनेक कामगारांची सर्वांत मोठी बचत बँकेत नसून भविष्य निर्वाह निधीच्या खात्यात असते. ती दरमहा आपोआप जमा होते; मात्र ती नेमकी किती आहे, केव्हा मिळते आणि कोणत्या नियमाने मिळते, याची खात्रीशीर माहिती त्याच सहजतेने घरापर्यंत पोहोचत नाही. या उणिवेचे परिणाम बंगळुरूने २०१६ मध्ये रस्त्यावर पाहिले आहेत.

एप्रिल २०१६ मधील उद्रेक

केंद्रीय कामगार मंत्रालयाने १० फेब्रुवारी २०१६ रोजी अधिसूचना काढून भविष्य निर्वाह निधीच्या नियमांत बदल केला. तोपर्यंत नोकरी सुटल्यानंतर दोन महिने बेकार राहिलेल्या सदस्याला खात्यातील पूर्ण रक्कम काढता येत असे. नव्या नियमानुसार त्याला केवळ स्वतःचे अंशदान आणि त्यावरील व्याज मिळणार होते. मालकाचा वाटा वयाच्या ५८ व्या वर्षापर्यंत खात्यातच राहणार होता. त्याच सुमारास, २९ फेब्रुवारीच्या अर्थसंकल्पात निधीतून काढलेल्या रकमेच्या काही भागावर कर लावण्याचा प्रस्ताव आला आणि ८ मार्चला तो मागे घेण्यात आला. एकाच निधीविषयीच्या या दोन स्वतंत्र बातम्या काही दिवसांच्या अंतराने आल्याने गोंधळ वाढला. अधिसूचनेची अंमलबजावणीही पुढे ढकलली गेली.

१८ एप्रिल रोजी बंगळुरूतील तयार कपड्यांच्या कारखान्यांतील हजारो कामगार काम सोडून होसूर रस्त्यावर उतरले. त्यांत महिलांचे प्रमाण मोठे होते आणि आंदोलनाला कोणत्याही एका संघटनेचे नेतृत्व नव्हते. दुसऱ्या दिवशी आंदोलनाचे लोण तुमकुरू रस्त्यावरील पीण्या आणि जालहळ्ळी परिसरातही पोहोचले. काही ठिकाणी बसगाड्या जाळण्यात आल्या, पोलिसांनी लाठीमार केला आणि अश्रुधुराचा वापर झाला. १९ एप्रिलच्या सायंकाळपर्यंत तत्कालीन केंद्रीय कामगारमंत्री बंडारू दत्तात्रेय यांनी वादग्रस्त अधिसूचना रद्द करण्यात येत असल्याचे जाहीर केले.

कामगारांचा रोष निराधार नव्हता. कपडे उद्योगातील अनेक महिला काही वर्षे काम करून नोकरी सोडतात आणि निधीतील रकमेतून कर्ज फेडतात, मुलांचे शुल्क भरतात किंवा घरातील लग्नकार्य पार पाडतात. त्यांच्यासाठी हा निधी म्हातारपणाचा आधार असण्याआधी अडचणीच्या वेळचा आधार असतो. नियम बदलताना ही वस्तुस्थिती विचारात घेतली गेली नाही आणि बदलाचा नेमका अर्थ कारखान्याच्या फाटकाच्या आत, कामगाराच्या भाषेत कोणी समजावून सांगितला नाही. अधिसूचना आणि उद्रेक यांच्यामध्ये दोन महिन्यांहून अधिक काळ गेला होता. समजावून सांगण्यासाठी तो पुरेसा होता.

वेतनचिठ्ठी काय सांगते

निधीविषयीचे बहुतेक गैरसमज वेतनचिठ्ठी आणि पासबुक यांतील आकडे जुळत नसल्यामुळे होतात. मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून दरमहा १५,००० रुपये घेणाऱ्या कामगाराचे उदाहरण घेतल्यास हिशेब स्पष्ट होतो.

कामगाराच्या वेतनातून १२ टक्के, म्हणजे १,८०० रुपये कापले जातात आणि ते पूर्णपणे भविष्य निर्वाह निधीत जमा होतात. मालकही १,८०० रुपये भरतो. परंतु त्यातील ८.३३ टक्के, म्हणजे १,२५० रुपये निवृत्तिवेतन योजनेत जातात आणि केवळ ५५० रुपये निधीच्या खात्यात येतात. पासबुकात मालकाच्या रकान्यात ५५० रुपये पाहून ‘मालक कमी भरतो’ असा समज होतो, तो यामुळे. निवृत्तिवेतनाच्या रकान्यातील रकमेवर व्याज जमा होत नाही. तिचा मोबदला पुढे मासिक निवृत्तिवेतनाच्या रूपाने मिळतो. निवृत्तिवेतनासाठी १५,००० रुपयांची वेतनमर्यादा १ सप्टेंबर २०१४ पासून लागू आहे.

या उदाहरणात निधीच्या खात्यात दरमहा २,३५० रुपये जमा होतात. २०२४-२५ साठी जाहीर झालेला ८.२५ टक्के व्याजदर कायम राहिला आणि वेतनही तेवढेच राहिले, असे धरले तर दहा वर्षांत भरलेल्या २ लाख ८२ हजार रुपयांचे सुमारे सव्वाचार लाख रुपये होतात. दर दोन-तीन वर्षांनी नोकरी बदलताना रक्कम काढून घेणाऱ्याला हा फरक दिसत नाही, कारण त्याची बेरीज प्रत्येक वेळी शून्यापासून सुरू होते.

निवृत्तिवेतनाचा नियम याहून कमी ठाऊक असतो. दहा वर्षांची पात्र सेवा पूर्ण झाल्यास सदस्याला ५८ व्या वर्षापासून मासिक निवृत्तिवेतनाचा हक्क मिळतो. निवृत्तिवेतनपात्र वेतनाला सेवेच्या वर्षांनी गुणून ७० ने भागले की मासिक रक्कम मिळते. १५,००० रुपये वेतन आणि दहा वर्षे सेवा असल्यास ती सुमारे २,१४३ रुपये होते. सेवा दहा वर्षांहून कमी असताना निवृत्तिवेतनाची रक्कम काढून घेतली, तर तेवढी वर्षे पुढील गणनेतून वगळली जातात. त्याऐवजी योजना प्रमाणपत्र घेतल्यास जुनी सेवा नव्या नोकरीतील सेवेत मिळवता येते. नोकऱ्या वारंवार बदलणाऱ्या कामगाराच्या दृष्टीने ही एक माहिती आयुष्यभराच्या उत्पन्नाचा प्रश्न ठरू शकते.

मृत्यूनंतरचा हक्क

निधीच्या सदस्याला ठेवसंलग्न विमा योजनेचे संरक्षण आपोआप मिळते. त्यासाठी कामगाराच्या वेतनातून काहीही कापले जात नाही; वेतनमर्यादेपर्यंतच्या वेतनाच्या अर्ध्या टक्क्याइतकी रक्कम मालक भरतो. सेवेत असताना सदस्याचा मृत्यू झाल्यास वारसाला या योजनेतून कमाल ७ लाख रुपये मिळू शकतात. याशिवाय, निवृत्तिवेतन योजनेत एका महिन्याचे जरी अंशदान जमा झाले असेल, तरी सेवेतील मृत्यूनंतर पती किंवा पत्नीस व मुलांना कुटुंब निवृत्तिवेतनाचा हक्क आहे. दहा वर्षांची अट येथे लागू होत नाही.

हे हक्क मागितल्याशिवाय मिळत नाहीत आणि त्यांची माहिती नसलेले कुटुंब ते मागत नाही. त्यामुळे नामनिर्देशन ऑनलाइन नोंदवणे आणि विवाहानंतर ते नव्याने करणे महत्त्वाचे ठरते. निधीच्या नियमानुसार विवाहानंतर कुटुंबातील व्यक्तींसाठी नवे नामनिर्देशन करावे लागते. विवाहापूर्वीचे अवैध होते. आधार ओळखपत्र, बँक खाते आणि निधीचे खाते यांवरील नाव व जन्मतारीख सारखी असणे हीदेखील अशीच क्षुल्लक वाटणारी परंतु दाव्याच्या वेळी निर्णायक ठरणारी बाब आहे.

वेतनातील इतर कपाती आणि हक्क

दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या कामगारांना कामगार राज्य विमा योजना लागू होते. १ जुलै २०१९ पासून कामगाराचे अंशदान ०.७५ टक्के आणि मालकाचे ३.२५ टक्के आहे. म्हणजे १५,००० रुपये वेतनावर कामगाराचे ११२ रुपये ५० पैसे कापले जातात. या मोबदल्यात विमाधारक आणि त्याच्या कुटुंबाला वैद्यकीय उपचार मिळतात. अंशदानाच्या अटी पूर्ण केलेल्या कामगाराला आजारपणात वेतनाच्या ७० टक्के दराने वर्षाला ९१ दिवसांपर्यंत रोख लाभ मिळतो, तर महिला कामगारांना पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांचा पूर्ण वेतनाइतका प्रसूती लाभ मिळतो. रोख लाभाची तरतूद ठाऊक नसल्यास कामगार आजारपणातील रजा बिनपगारी समजून व्याजाने पैसे उचलतो.

ग्रॅच्युइटीचे गणित सोपे आहे. अंतिम मासिक वेतनाला २६ ने भागून १५ ने गुणले की सेवेच्या एका वर्षाची ग्रॅच्युइटी मिळते. १५,००० रुपये वेतनावर पाच वर्षांच्या सेवेसाठी ही रक्कम सुमारे ४३,२६९ रुपये होते. यासाठी सर्वसाधारणपणे पाच वर्षांची सलग सेवा लागते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेने ठरावीक मुदतीच्या करारावरील कामगारांना एका वर्षाच्या सेवेनंतरही प्रमाणशीर ग्रॅच्युइटीचा हक्क दिला आहे.

निर्णय, प्रस्ताव आणि अधिसूचना

आर्थिक माहितीची विश्वासार्हता तपासताना सर्वांत आधी विचारावयाचा प्रश्न असा, की सांगितला जाणारा नियम लागू झाला आहे की केवळ प्रस्तावित आहे. याचे ताजे उदाहरण ऑक्टोबर २०२५ मधील आहे. १३ ऑक्टोबर रोजी भविष्य निर्वाह निधी संघटनेच्या केंद्रीय विश्वस्त मंडळाने अंशतः रक्कम काढण्याच्या १३ तरतुदी एकत्र करून तीन गट करण्यास मंजुरी दिली : अत्यावश्यक गरजा, घराच्या गरजा आणि विशेष परिस्थिती. किमान सेवेची अट सर्वांसाठी १२ महिने ठेवण्याचे आणि अंशदानाच्या २५ टक्के रक्कम खात्यात किमान शिल्लक म्हणून राखण्याचे ठरले. बेकारीच्या काळात पूर्ण रक्कम काढण्याची मुदत दोन महिन्यांवरून १२ महिने आणि निवृत्तिवेतनाची रक्कम काढण्याची मुदत दोन महिन्यांवरून ३६ महिने करण्याचाही निर्णय झाला.

काही तासांतच ‘निधीतील पैसा वर्षभर अडकणार’ असे संदेश फिरू लागले. त्यावर शासनाने स्पष्टीकरण दिले, की नोकरी सुटताच ७५ टक्के रक्कम लगेच काढता येईल आणि उर्वरित २५ टक्के रकमेसाठी एक वर्षाची प्रतीक्षा आहे. दोन्ही विधानांत सत्याचा अंश होता. पूर्ण चित्र मात्र मूळ निर्णय वाचल्यावरच कळत होते. शिवाय, विश्वस्त मंडळाची मंजुरी आणि राजपत्रातील अधिसूचना या दोन वेगवेगळ्या पायऱ्या आहेत. दावा दाखल करणाऱ्या सदस्याने त्या दिवशी प्रत्यक्षात लागू असलेला नियम संघटनेच्या अधिकृत संकेतस्थळावर किंवा कार्यालयात पाहणे, हाच २०१६ चा धडा आहे. त्या वर्षी अधिसूचना निघाली, पुढे ढकलली गेली आणि रद्द झाली. आज २०१६ चा एखादा जुना संदेश पुन्हा फिरला तर तारीख पाहिल्याशिवाय तो खोटा की खरा हे ठरवता येणार नाही.

मराठीतून खातरजमा

निधीची शिलकी रक्कम पाहण्यासाठी मध्यस्थाची गरज नाही. नोंदणीकृत मोबाइलवरून ९९६६०४४४२५ या क्रमांकावर मिस्ड कॉल दिल्यास खात्याची माहिती लघुसंदेशाने येते. ७७३८२९९८९९ या क्रमांकावर ‘ईपीएफओएचओ यूएएन’ आणि त्यापुढे मराठीसाठी ‘एमएआर’ ही अक्षरे इंग्रजी लिपीत पाठवल्यास उत्तर मराठीत मिळते. कन्नड, हिंदी, तमिळ, तेलुगू आदी भाषांसाठीही अशी सोय आहे. त्यासाठी बारा अंकी सार्वत्रिक खाते क्रमांक कार्यान्वित असणे आणि आधार, पॅन किंवा बँक खात्याशी जोडलेला असणे आवश्यक आहे. संघटनेचा मदत क्रमांक १४४७० आहे. पीण्याच्या नावाने संघटनेचे स्वतंत्र प्रादेशिक कार्यालयही आहे. पिंपरी-चिंचवड, चाकण, वाळूज किंवा बुटीबोरी येथील कामगाराला लागू असलेले निधीचे नियम पीण्यातील कामगाराच्या नियमांहून वेगळे नाहीत.

वेतनातून कपात झाली, परंतु पासबुकात अंशदान दिसत नसेल, तर त्याची तक्रार संघटनेच्या तक्रार निवारण पोर्टलवर करता येते. कापलेली रक्कम न भरणे हा मालकाचा कायदेशीर अपराध आहे. कंत्राटदारामार्फत काम करणाऱ्या कामगारांच्या अंशदानाची अंतिम जबाबदारी मुख्य मालकावर असते, हेही कंत्राटी कामगारांना ठाऊक असणे गरजेचे आहे.

निधीचा दावा दाखल करण्यासाठी संघटना शुल्क घेत नाही. तरीही काम लवकर करून देण्याच्या बोलीवर टक्केवारी घेणारे मध्यस्थ औद्योगिक वसाहतींच्या आसपास आढळतात. त्यांच्याकडे आधार क्रमांक, पासवर्ड आणि मोबाइलवर आलेला ओटीपी सोपवणारा कामगार खरे तर खात्याची किल्लीच देऊन बसतो. संघटनेचे कर्मचारी दूरध्वनीवरून ही माहिती कधीही मागत नाहीत.

हातात आलेल्या रकमेचे काय

निधीची रक्कम बँकेत जमा झाल्याच्या सुमारास तिला अनेक वाटा फुटतात. मराठी घरांत जिला भिशी म्हणतात, ती कर्नाटकात ‘चीटी’ या नावाने घराघरांत चालते. १९८२ च्या चिटफंड कायद्यानुसार अशा फंडाला पूर्वपरवानगी आणि नोंदणी लागते. नोंदणीकृत फंडात तक्रारीला जागा असते, तोंडी व्यवहारात ती नसते. जास्त परताव्याच्या ठेवयोजनांनी बंगळुरूतील गुंतवणूकदारांचे मोठे नुकसान केल्याचे २०१९ मधील आयएमए प्रकरणात उघड झाले. त्याच वर्षी देशात अनियंत्रित ठेवयोजनांवर बंदी घालणारा कायदा झाला. ठेव स्वीकारणारी संस्था अधिकृत आहे का, हे रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’ पोर्टलवर तपासता येते. विमा संरक्षण असलेल्या बँकेत एका ठेवीदाराच्या मुद्दल व व्याजासह ५ लाख रुपयांपर्यंतच्या ठेवी सुरक्षित असतात. ही मर्यादा ४ फेब्रुवारी २०२० पासून लागू आहे.

कर्ज घेतानाही लेखी माहितीचा हक्क आहे. रिझर्व्ह बँकेच्या मार्च २०२२ च्या निर्देशांनुसार वार्षिक ३ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला दिलेले विनातारण कर्ज सूक्ष्मवित्त कर्ज मानले जाते. अशा कुटुंबाच्या सर्व कर्जांचे मिळून मासिक हप्ते उत्पन्नाच्या ५० टक्क्यांपेक्षा अधिक असू नयेत, असे बंधन कर्जदात्या संस्थांवर आहे. व्याजदर आणि सर्व शुल्के दाखवणारे पत्रक व कर्जाचे कार्ड कर्जदाराला समजेल अशा भाषेत देणे त्यांना बंधनकारक आहे. फसवणूक झाल्यास सायबर गुन्ह्यांसाठी १९३० हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे आणि पैसे गेल्यानंतरचे पहिले काही तास त्यासाठी सर्वांत महत्त्वाचे असतात.

सल्ला आणि विक्री

आर्थिक शिक्षणाचा राष्ट्रीय आराखडा राबवणाऱ्या राष्ट्रीय आर्थिक शिक्षण केंद्राच्या २०१९ च्या सर्वेक्षणात देशातील केवळ २७ टक्के प्रौढ आर्थिकदृष्ट्या साक्षर असल्याचे आढळले होते. माहितीची कमतरता हा या समस्येचा एक भाग आहे. माहिती देणाऱ्याचा हितसंबंध हा दुसरा. विमा विकणारा, कर्ज देणारा आणि चित्रफितीतून शेअर सुचवणारा यांपैकी प्रत्येकजण माहितीच देत असतो, परंतु त्याचे उत्पन्न ऐकणाऱ्याच्या निर्णयावर अवलंबून असते. मोबदला घेऊन गुंतवणुकीचा सल्ला देणाऱ्याला ‘सेबी’कडे नोंदणी करावी लागते आणि त्याचा नोंदणी क्रमांक ‘सेबी’च्या संकेतस्थळावर पडताळता येतो.

अमेरिकेत २००८ च्या आर्थिक संकटानंतर याच प्रश्नातून ग्राहक आर्थिक संरक्षण विभाग निर्माण झाला. २०१० च्या कायद्याने स्थापन झालेल्या या विभागाने जुलै २०११ मध्ये काम सुरू केले. गृहकर्ज, क्रेडिट कार्ड आणि वसुलीविषयीची माहिती कोणतेही उत्पादन न विकता सोप्या भाषेत देणे हे त्याच्या कामाचे एक अंग राहिले आहे. तेथील ‘४०१ के’ निवृत्ती खात्यात गुंतवणुकीची निवड बहुतांशी कर्मचाऱ्यालाच करावी लागते आणि साडेएकोणसाठ वर्षांपूर्वी रक्कम काढल्यास सर्वसाधारणपणे १० टक्के अतिरिक्त कर भरावा लागतो. भारतीय कामगारावर निवडीचा असा भार नाही, कारण निधीचा व्याजदर दरवर्षी जाहीर होतो. त्याच्यावर भार आहे तो नियम समजून घेण्याचा आणि नोंदी अचूक ठेवण्याचा.

पीण्यातील कारखान्यांत दर महिन्याला वेतन होते तेव्हा कपातीचा आकडा प्रत्येकाच्या चिठ्ठीत असतो. तो आकडा त्याच महिन्याच्या अंशदान म्हणून पासबुकात उतरला आहे का, हे काही महिन्यांनी एकदा पाहणे, खात्यातील वारसाचे नाव तपासणे आणि नोकरी बदलताना जुने खाते नव्या खात्याशी जोडून घेणे ही तीन कामे विनाशुल्क आहेत. ती करणाऱ्या कामगाराला निधीविषयीची पुढची अफवा ऐकू आली, तरी स्वतःच्या खात्यातील शिलकीचा आकडा त्याच्या हाती असेल.